प्रबंधानंतर काय? पुनर्वसन संशोधनातली उमेदवारीची वर्षं

फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट पदव्युत्तर प्रबंधांचं असतं. काळी किंवा मरून रेक्झिनची बांधणी, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं, आत दोन वर्षांचे कष्ट. चाळायला घेतलं की बहुतेकांचा आराखडा ओळखीचा वाटू लागतो. मानदुखीचे वा गुडघेदुखीचे तीस रुग्ण एका गटात, तीस दुसऱ्यात; एकाला एक तंत्र, दुसऱ्याला दुसरं; चार ते सहा आठवडे उपचार; आधीचं आणि नंतरचं मोजमाप; आणि शेवटी निष्कर्ष असा, की दोन्हींनी फरक पडला, एकाने किंचित जास्त. सिनॉप्सिस भरताना, एथिक्स कमिटीपुढे उभं राहताना, रुग्णाने दुसऱ्या वेळी यावं म्हणून फोनवर फोन करताना त्या मुलीने किंवा मुलाने काय सोसलं, ते त्या पानांत कुठेच नसतं. व्हायवा होते, पदवी मिळते, प्रश्न कपाटात जातो. प्रश्न विचारणारा मात्र निघून जातो. कुणी स्वतःचं क्लिनिक काढतं, कुणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाच्या परीक्षेला बसतं, कुणी त्याच महाविद्यालयात शिकवायला लागतं आणि थोड्याच वर्षांत इतरांचे प्रबंध तपासू लागतं.

अनेक वर्षं परीक्षक म्हणून हे प्रबंध वाचताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. या मुलांकडे बुद्धीची वाण नाही, मेहनतीची तर नाहीच. आपण त्यांना पदवीपुरता गाइड देतो. पदवीनंतरच्या दहा वर्षांसाठी कुणी देत नाही. आणि संशोधनासाठी पैसा आला, तर तो यंत्रात जातो, माणसाच्या वेळेत जात नाही. पुनर्वसन संशोधनात नव्याने उतरणाऱ्यांची घडण देशात आणि देशाबाहेर कशी होते, कुठे अडते आणि काय केलं तर ती सुटेल, याचा हा आढावा या दोन उणिवांभोवती फिरतो.

आधी गरज किती मोठी आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या आणि 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१९ साली जगात २४१ कोटी माणसं अशा स्थितीत होती, की आजारपणात कधी ना कधी त्यांना पुनर्वसनाचा उपयोग झाला असता. म्हणजे साधारण तिघांमागे एक. भारताच्या २०११च्या जनगणनेत दिव्यांगांची संख्या २.६८ कोटी नोंदली गेली. १९९५च्या कायद्यात दिव्यांगतेचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्याने ते २१ केले. कंबरदुखीने शेतातलं काम सोडलेली बाई, पक्षाघातातून वाचलेला पण घरात बसून असलेला रिक्षाचालक, अतिदक्षता विभागातून हाडांचा सापळा होऊन बाहेर पडलेला तरुण, ही सगळी माणसं यातल्या बऱ्याच आकड्यांच्या बाहेरच राहतात. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'रिहॅबिलिटेशन २०३०' ही हाक दिली आणि मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य सभेने पुनर्वसनावर स्वतंत्र ठराव केला. ठराव झाले, पण उपचार कुठला द्यायचा, किती द्यायचा, कुणी द्यायचा, हे सांगणारा बराचसा पुरावा अजून श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांतून येतो. तिथे रुग्ण आठवडेच्या आठवडे पुनर्वसन केंद्रात राहतो. आपला रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशी एसटीने घरी जातो.

म्हणूनच 'अटेंड' या चाचणीविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या घरच्या माणसाला रुग्णालयात असतानाच शिकवायचं, म्हणजे रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, कसं बसवायचं, हाताच्या हालचाली कशा करून घ्यायच्या, आणि मग त्याच माणसाने घरी ते चालू ठेवायचं, अशी ती कल्पना. आपल्याकडे घरचीच माणसं सगळं करतात, तेव्हा हे जमणारच असं कुणालाही वाटेल. जॉर्ज इन्स्टिट्यूट आणि लुधियानाचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांच्या पुढाकाराने, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन निधीतून, भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ती पारखली गेली. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण प्रशिक्षण मिळालेल्या गटात ४७ टक्के होते आणि न मिळालेल्या गटातही ४७ टक्केच.

या निकालाने अनेकांची निराशा झाली. मला तो आपल्या देशातल्या पुनर्वसन संशोधनाचा अभिमानाचा क्षण वाटतो. एखाद्या उत्साही थेरपिस्टने आपल्याच विभागात तीस-तीस रुग्णांवर हा प्रयोग केला असता, तर उत्तर बहुधा 'उपयोगी' असंच आलं असतं, आणि त्या भरवशावर घरच्या बायकांवर आणखी एक काम लादलं गेलं असतं. खरं उत्तर मिळायला चौदा ठिकाणची माणसं, एकच कार्यपद्धती, कुठल्या गटातला रुग्ण आहे हे माहीत नसलेले तपासनीस आणि काही वर्षं लागली. त्या रुग्णालयांत काम करणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टांना जे शिक्षण मिळालं असेल, ते कुठल्याही वर्गात मिळत नाही. मात्र प्रश्न आपला असूनही पैसा बाहेरचा होता, ही गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचंच. मेलबर्नच्या जूली बर्नहार्ट मूळच्या फिजिओथेरपिस्ट. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या २४ तासांत उठवून बसवणं-चालवणं सुरू केलं, तर तो लवकर सुधारतो का, या एका प्रश्नामागे त्या वर्षानुवर्षं लागल्या. आधी किती रुग्ण दिवसभर नुसते पडून असतात याचं निरीक्षण, मग सुरक्षितता पाहणारी छोटी चाचणी, मग पाच देशांतली ५६ रुग्णालयं आणि २१०४ रुग्ण. २०१५ साली निकाल आला तो अपेक्षेच्या उलट. फार लवकर, फार जास्त हालचाल केलेल्यांपैकी ४६ टक्के चांगले सुधारले, नेहमीची काळजी मिळालेल्यांपैकी ५० टक्के. आपल्याच लाडक्या कल्पनेविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी मांडला आणि पुढचं काम त्यावर उभं केलं. डॉक्टर नसलेली व्यक्ती एवढ्या मोठ्या चाचणीचं नेतृत्व करते, याचं आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना अजून नवल वाटतं. ते वाटू नये, एवढी तरी मजल आपण मारायला हवी.

आपल्याकडे परंपरा नाही असं नाही. फलटणच्या कमला निंबकर बालभवनमुळे ज्यांचं नाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे, त्या कमलाबाई जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्यांनी देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं. दोन वर्षांत अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत बसला. फिजिओथेरपीचं विद्यालयही केईएममध्येच १९५३ साली आलं. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ची. त्याआधी, महायुद्धाच्या काळात, १९४४ साली पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र निघालं होतं. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही नंतरची. एवढं सगळं मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात असताना इथून संशोधकांची सलग पिढी का उभी राहिली नाही, हा प्रश्न मला सतावतो.

वेल्लोरची गोष्ट त्याचं थोडं उत्तर देते. तिथल्या तरुण डॉक्टर मेरी वर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या पडल्या. शल्यचिकित्सक व्हायचं स्वप्न संपलं, असंच सगळे धरून चालले होते. पॉल ब्रँड तेव्हा तिथे कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया विकसित करत होते. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते, हे त्यांनी वर्गीसना दाखवलं आणि चाकाच्या खुर्चीतून त्या ती करू लागल्या. मग ऑस्ट्रेलियात स्वतःचं पुनर्वसन आणि न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत या शाखेचं शिक्षण. परत येऊन त्यांनी वेल्लोरचा विभाग उभा केला. १९६६ साली तिथली निवासी पुनर्वसन संस्था सुरू झाली. या कहाणीत मार्गदर्शकाने तीन कामं केली. शिष्येला जमेल असं पण दुय्यम नसलेलं काम शोधून दिलं. स्वतःला जे येत नव्हतं, त्यासाठी तिला दुसऱ्या दारी जाऊ दिलं. आणि ती परत आल्यावर तिच्यासाठी जागा तयार होती. आपल्याकडे पहिलं काम अधूनमधून होतं, दुसरं क्वचित, आणि तिसऱ्याशी येऊन घोडं पेंड खातं. परदेशात पीएचडी करून परतलेल्या किती जणांना पुन्हा आठवड्याला अठरा-वीस तास शिकवणी आणि सकाळची ओपीडी यांतच जुंपलं जातं, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारून पाहा.

महाराष्ट्रात नोशीर अँटिया यांचं काम याच तोलाचं. इंग्लंडला हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लॅस्टिक सर्जरी शिकून आलेला हा माणूस पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरोग्यांच्या शस्त्रक्रिया करू लागला, पुढे जे. जे. रुग्णालयात विभाग उभारला आणि सत्तरच्या दशकात मूलभूत संशोधनासाठी 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' काढलं. शस्त्रक्रियेच्या टेबलापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि तिथून गावापर्यंत एकच धागा. जयपूर फूटची जन्मकथाही सांगायला हवी, कारण तिथे शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे ठरवणं कठीण आहे. रामचंद्र शर्मा कारागीर होते, प्र. क. सेठी अस्थिशल्यचिकित्सक. रबराचं ते पाऊल साठच्या दशकाच्या शेवटी दोघांच्या हातून घडलं. त्यावर उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, चिखलात अनवाणी चालता येतं. पाश्चात्त्य पाऊल बूट घालण्यासाठी होतं. रुग्ण घरी जाऊन काय करणार आहे, हे कारागिराच्या नजरेला दिसलं होतं.

आता बाहेरच्या देशांनी ही वाट कशी बांधली ते पाहू. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पोटात वैद्यकीय पुनर्वसन संशोधनाचं स्वतंत्र केंद्र आलं. तिथे तरुण संशोधकांसाठी 'के' अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांची खरी ताकद रकमेत नाही, अटीत आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्याने साधारणपणे आपला किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला आणि संशोधन शिकायला द्यायचा आणि तो वेळ देऊ, असं त्याच्या संस्थेने लिहून द्यायचं. विभागप्रमुखाला मग 'जरा ओपीडी सांभाळ ना' असं सहज म्हणता येत नाही. अर्जात मार्गदर्शकाचं नाव पुरत नाही. तो काय शिकवणार, किती वेळा भेटणार, आधी कुणाला घडवलं, हे सगळं लिहावं लागतं, आणि परीक्षक त्यालाही गुण देतात. बहुतेक जण एका मार्गदर्शकाऐवजी तिघा-चौघांची मंडळी बांधतात: एक विषयातला, एक संख्याशास्त्राचा, एक वेगळ्या शाखेचा. पुनर्वसनातल्या नवख्यांना अनुदानाचा अर्ज लिहायला शिकवणारी 'टायगर' नावाची निवासी कार्यशाळा आहे. तिथे अनुभवी संशोधक त्यांच्या कच्च्या प्रस्तावावर त्यांच्याबरोबर बसून काम करतात. दिव्यांगतेच्या संशोधनासाठीच्या वेगळ्या सरकारी संस्थेत मेरी स्विट्झर यांच्या नावाने शिष्यवृत्त्या आहेत. सरकारी पैशातून पुनर्वसनाचं संशोधन आणि शिक्षण व्हावं, यासाठी पन्नाशीच्या दशकात ज्यांनी रेटा लावला, त्या या बाई डॉक्टर नव्हत्या, सरकारी अधिकारी होत्या.

इंग्लंडमधली व्यवस्था मला आपल्याला जास्त जवळची वाटते, कारण तिने डॉक्टर नसलेल्यांसाठी वेगळी शिडी केली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेने परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारक यांच्यासाठी टप्पे लावले: आधी थोड्या महिन्यांची ओळख, मग पदव्युत्तर शिक्षण, मग पीएचडीचा अर्ज नीट लिहिता यावा म्हणून मधला एक जोडटप्पा, मग पीएचडी, मग रुग्णसेवा आणि संशोधन दोन्ही करता येईल असं पद. त्या मधल्या टप्प्याचं मला विशेष कौतुक आहे. माणूस नेमका तिथेच गळतो. पदवी हातात असते, पीएचडी दूर असते, घरचे विचारत असतात की आता पुढे काय.

आपल्याकडच्या सोयी पाहिल्या तर चित्र अगदीच रिकामं नाही. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सने २००८पासून शिष्यवृत्तीत संशोधकाचा पगार आणि संशोधनाचा खर्च दोन्ही धरले. आरोग्यक्षेत्रात हे मोठं पाऊल होतं. आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची योजना १९७९पासून चालू आहे आणि तिने कित्येकांना संशोधनाची गोडी लावली, पण ती रुजली एमबीबीएस आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांत. थेरपीच्या विद्यार्थ्याला उमेदवारीत असा पहिला हात मिळाला नाही. २०२३च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची तरुण संशोधकांसाठी योजना आहे. तरी आपल्या अनुदानांच्या रकान्यांत सहसा उपकरणं, प्रवास, प्रकल्प-सहायक असतात. शिकवणीचे तास कमी करून देण्याचा रकाना जवळपास नसतोच. त्यामुळे रुग्णाच्या चालीचं विश्लेषण करणारं महागडं यंत्र येतं, उद्घाटन होतं, आणि ते चालवणाऱ्या मॅडम दुपारी चारपर्यंत वर्गात असतात. जीवशास्त्रातल्या तरुणांसाठी 'इंडियाबायोसायन्स'च्या वार्षिक भेटी २००९पासून होतात. तिथे नवे प्राध्यापक, परदेशातून परतू पाहणारे आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञ एकत्र राहून बोलतात. पुनर्वसनात अशी भेट नाही. आपल्या परिषदांत पेपर वाचनाची स्पर्धा असते, सात मिनिटं बोलायचं, दोन प्रश्न, प्रमाणपत्र, फोटो.

त्यातच हे क्षेत्र कायद्यांनी वाटून टाकलं आहे. पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टर राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडे. वाचा-श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे, विशेष शिक्षक १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी आधी महाराष्ट्राच्या राज्य परिषदेकडे, आता २०२१च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाच्या छत्राखाली. रुग्णाला मात्र हे सगळे एकाच आठवड्यात लागतात. मेंदूला मार लागलेल्या मुलाच्या गिळण्यावर आणि बसण्याच्या तोलावर एकत्र अभ्यास करू पाहणाऱ्या तरुणीला गाइड आपल्याच शाखेचा घ्यावा लागतो. दुसऱ्या शाखेच्या जाणकाराचं नाव फार तर आभारात येतं. पीएचडीच्या २०२२च्या नियमांनी एका प्राध्यापकाकडे आठ विद्यार्थ्यांपर्यंत मुभा दिली. त्यातल्या प्रत्येकाला तो महिन्यातून किती वेळ देतो, हे विचारणारा नियम मात्र मला दिसलेला नाही.

प्रकाशनाचा दबाव हा वेगळा विषय होईल इतका मोठा आहे, तरी पुण्याचा दाखला द्यायलाच हवा. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतला नमुना तपासला. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी ज्यांची माहिती तपासता आली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसत नव्हती. त्यातून नवी 'केअर' यादी आली, तीही २०२५ साली आयोगाने थांबवली. नवख्याला आज मेलवर रोज आमंत्रणं येतात: चार दिवसांत छापू, इतके पैसे भरा. ते टाळायचं कसं हे त्याला वरिष्ठांनी शिकवायचं, आणि कित्येकदा वरिष्ठांचीच पदोन्नती तसल्या पेपरांवर झालेली असते. हे कडू आहे, पण त्याकडे डोळेझाक करून मार्गदर्शनाच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्षात चांगलं मार्गदर्शन कसं दिसतं? समजा, मराठवाड्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पदव्युत्तर विद्यार्थिनी विषय घेऊन आली आहे.

"मॅडम, पक्षाघातानंतर खांदा दुखतो, त्यावर टेपिंग की स्टिम्युलेशन, असं घेऊ का?"

"घेता येईल. पण आधी मला सांग, गेल्या महिन्यात वॉर्डातून घरी गेलेल्यांपैकी ओपीडीत परत किती आले?"

"फार नाही आले, मॅडम."

"फार नाही म्हणजे किती? आणि जे आले नाहीत, ते आज कुठे आहेत?"

मग रजिस्टर निघतं. फोन लागतात, काही नंबर बंद, काही शेजाऱ्याचे. कळतं की आणणाऱ्या मुलाचा दिवसाचा रोज बुडतो, एसटीत चढवणं जमत नाही, कुणाला परत यायचं असतं हेच सांगितलेलं नव्हतं. यातून निघणारा प्रश्न साधा असेल: घरी गेल्यावर तीन महिन्यांत किती जण व्यायाम सोडतात आणि का. यात दोन तंत्रांची तुलना नाही, तरी हा प्रश्न दहा वर्षं पुरतो. आधी मोजणी, मग कारणं, मग आशाताईंच्या मदतीने काही करता येतं का याची छोटी चाचणी, मग मोठी. पहिली पायरी पदवीत बसते. उरलेल्यांसाठी माणूस टिकायला हवा.

अशा प्रश्नात मोजायचं कशाने, हेही गुरूच शिकवतो. पक्षाघातात बार्थेल इंडेक्स सर्रास वापरतात. तो १९६५चा, अमेरिकेतला. त्यात जिना आहे, आंघोळ आहे, खुर्चीतून बिछान्यावर जाणं आहे. जमिनीवरून उठणं नाही, उकिडवं बसणं नाही, पंगतीत मांडी घालणं नाही. वर्ध्याच्या किंवा सिंधुदुर्गातल्या बाईच्या दृष्टीने तिथेच खरी परीक्षा असते. आपल्या जगण्याला धरून मोजमापं तयार करणं आणि पारखणं हे तरुणांसाठी मोलाचं, कमी खर्चाचं, लवकर प्रकाशित होणारं काम आहे. त्यासाठी स्वतः दिव्यांग असलेल्या माणसांना सल्लागार म्हणून सुरुवातीपासून बोलवावं, प्रश्नावली भरून घ्यायला शेवटी नव्हे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांच्या संस्थेसारख्या ठिकाणी चाकाच्या खुर्चीतून संसार आणि नोकरी सांभाळणाऱ्यांकडे जे ज्ञान आहे, ते कुठल्याही गाइडकडे नाही.

या क्षेत्रात मुली बहुसंख्य आहेत, आणि संशोधनाची उमेदवारी नेमकी लग्न, बदली, बाळंतपण यांच्या वर्षांत येते. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३पासून खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी योजना आणली, तिची रूपं पुढे बदलली. पण योजना हा शेवटचा टप्पा झाला. बाळ सहा महिन्यांचं असताना महिन्यातून एकदा व्हिडिओवर गाठून 'तो डेटा तसाच राहू दे, आपण फक्त पहिलं कोष्टक करू' असं म्हणणारी वरिष्ठ बाई ही खरी सोय आहे. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, इंग्लंडमध्ये स्थिरावलेले मराठी पुनर्वसन संशोधक आता कमी नाहीत. त्यांच्याकडून भाषणं नकोत, असा महिन्याचा एक तास हवा.

मार्गदर्शन हे शिकवता येतं का, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेत १६ ठिकाणी २८३ मार्गदर्शकांवर चिठ्ठीपद्धतीने चाचणी घेतली गेली. निम्म्यांना आठ तासांचं प्रशिक्षण दिलं. २०१४ साली आलेल्या निकालात प्रशिक्षण मिळालेल्यांची कौशल्यं जास्त सुधारलेली दिसली, आणि त्यांच्या शिष्यांनीही तसं सांगितलं. अपेक्षा आधी स्पष्ट करणं, लेखकांचा क्रम काम सुरू होण्यापूर्वी ठरवणं, ऐकून घेणं, शिष्याला हळूहळू मोकळं सोडणं, असं त्यात शिकवतात. लेखकांच्या क्रमावरून आपल्याकडे किती नाती कायमची तुटली आहेत, हे जाणणाऱ्याला यातला शहाणपणा सांगायला नको.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि राज्य शासनाला करता येण्यासारखी एक गोष्ट मी सुचवते. पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांची, मोजक्या जागांची जोडशिष्यवृत्ती सुरू करावी. निम्मा वेळ रुग्णसेवा, निम्मा संशोधन, शिकवणी नाही, आणि ते महाविद्यालयाने लिहून द्यावं. मार्गदर्शक दोन, वेगवेगळ्या परिषदांचे. तिसरा सल्लागार दिव्यांग व्यक्ती. चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद करावी. एप्रिल २०१८पासून ही नोंदवही आधीचीच नोंद घेते आणि तिला पैसे पडत नाहीत. निकाल उलटा आला तरी तो छापण्याची जबाबदारी मार्गदर्शकावर असावी. दोन वर्षांच्या शेवटी पेपरांची संख्या मागू नये. पुढच्या पाच वर्षांचा नीट लिहिलेला प्रश्न आणि पीएचडीचा किंवा अनुदानाचा अर्ज मागावा. यातल्या कशालाच नवा कायदा लागत नाही, आणि मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचे आठ तास एका शनिवार-रविवारात बसतात.